शेंदराखालचा रिव्हॉल्व्हर

"ठेव! ठेव ती कानस खाली! मेल्या, देवाला कानस लावतोस? हात झडेल तुझा!"

हा आवाज बगूआत्याचा. माझं दुकान ठाण्यात कोर्टनाक्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या आवाजाने नाक्यावरचे टांग्याचे घोडे मागच्या दोन पायांवर उभे राहिले आणि मासुंदा तलावातले बगळे उठले ते थेट कळव्याला जाऊन बसले. खोटं वाटत असेल तर कळव्याला जाऊन विचारा. ते बगळे अजून तिथेच आहेत.

मी कानस खाली ठेवली. आयुष्यात मी दोनच माणसांना भ्यालो. एक माझे वस्ताद, ज्यांनी मला धंदा शिकवला, आणि दुसरी ही ठाकुर्लीची बगूआत्या. वस्ताद निदान जेवायच्या वेळी शांत असत.

माझा धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा. लोकांना वाटतं बंदुकवाला म्हणजे मिशीला पीळ, डोळ्यांत अंगार. तसं काही नसतं. दिवसभर चिंधी आणि तेल घेऊन नळ्या पुसायच्या, ढिल्या झालेल्या स्प्रिंगा बदलायच्या, आणि गिऱ्हाइकाच्या थापा ऐकायच्या. यातलं शेवटचं काम सगळ्यांत जास्त. त्या काळी ठाणे जिल्ह्यात ज्याच्याकडे हत्यार त्याच्याकडे हत्याराची गोष्ट असायचीच. आंबिवलीच्या एका जमीनदाराने आणलेल्या बंदुकीने म्हणे एका गोळीत दोन वाघ पडले होते. मी नळीत डोळा घातला तर आत कुंभारमाशीचं मातीचं घर, आणि तेही जुनं, दोन-तीन पिढ्या नांदून गेलेलं. मी म्हटलं, "काका, वाघ हसून मेले असतील." ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पण बंदूक दुसऱ्या कुणाकडे नेली नाही.

नळीत डोळा घालून मी काय काय सांगायचो! शेवटचा बार कधी निघाला, मालक आळशी की चिकट, घरात तेल तिळाचं की खोबऱ्याचं. माझ्याबद्दल असंही म्हणत की मी वास घेऊन त्या दिवशीची भाजी सांगतो. हे मात्र लोकांनी वाढवलेलं. फक्त आमटी ओळखू यायची.

तर बगूआत्या. साठीच्या पुढची, उंच, सरळसोट, अंगावर विधवेचं आलवण. सोबत तिचा भाचा शरद. तो रेल्वेत, पुलांच्या देखभालीच्या खात्यात. स्वभावाने गरीब, आणि आत्याच्या शेजारी उभा असला की आणखी गरीब दिसायचा. आत्याच्या हातात तांब्याचं ताम्हन, ताम्हनात रेशमी वस्त्र, वस्त्रावर झेंडूची फुलं, आणि फुलांच्या मधोमध शेंदराचा एक लालभडक गोळा. मोठ्या पपईएवढा. ठाकुर्लीहून ठाण्यापर्यंत ती तो गोळा मांडीवर घेऊन आली होती. वाटेत डब्यातल्या बायकांनी नमस्कार केले. एकीने "कुठलं हो हे ठाणं?" असं विचारून मुलाच्या परीक्षेसाठी नवससुद्धा बोलून टाकला.

मी विचारलं, "आत्या, दुकान चुकलात का? मूर्तिकार पलीकडच्या गल्लीत."

शरद ओशाळून म्हणाला, "मिस्त्री, तो रिव्हॉल्व्हर आहे."

"कुठे?"

"आत."

मग सगळं कळलं. या घरात दसऱ्याला शस्त्रपूजा. ती पुष्कळ घरांत असते. हत्यार पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आपट्याचं पान ठेवायचं, नमस्कार करायचा. पण यांच्याकडे रीत वेगळी. आत्याच्या आजोबांनी हत्याराला मारुतीसारखा तेलात कालवलेला शेंदूर लावायला सुरुवात केली. दर दसऱ्याला एक हात. आधीचा पुसायचा नाही, त्याच्यावरच नवा. असे दसऱ्यामागून दसरे गेले आणि हत्याराचा देव झाला. नळी कुठे, दस्ता कुठे, घोडा कुठे, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एका बाजूला जरा निमुळतं होतं, त्याला घरात 'मुख' म्हणत.

आणि गोष्ट? गोष्ट होतीच. आजोबांनी तो सत्तावनच्या बंडात एका गोऱ्या कप्तानाच्या हातातून, तो घोड्यावर असताना, नुसत्या हाताने हिसकावून घेतला होता. कुठे, ते मात्र घरातला प्रत्येक जण वेगळं सांगायचा. आत्या म्हणे झाशीला. शरदचे वडील म्हणायचे बिठूरला. एक चुलत काका कसारा घाटात म्हणत, पण त्यांचं सासर कसाऱ्याचं होतं.

आता अडचण काय, तर परवाना होता शरदच्या वडिलांच्या नावावर आणि ते वारले होते. परवाना वारसाच्या नावे करून घ्यायचा तर कचेरीत हत्याराचं वर्णन द्यावं लागे: घडण कुठली, नळीचं भोक केवढं, नंबर कोणता. परवान्यांच्या टेबलावर मोकाशी नावाचे कारकून होते. बोलायला इतके काटकसरी की घरी बायकोला हाक मारतानासुद्धा नावातलं एखादं अक्षर वाचवत असतील. त्यांनी शरदला सांगितलं होतं, "मेक, बोअर, नंबर. दसऱ्याच्या आत. नाहीतर मालखान्यात जमा." जुन्या परवान्यात वर्णनाच्या जागी कुणीतरी लिहून ठेवलं होतं: 'रिव्हॉल्व्हर एक, रंग लाल.'

शरद हळूच माझ्या कानाशी लागला. "मिस्त्री, जमा झाला तरी माझी ना नाही. घरात लहान मुलं आहेत. पण आत्यासमोर बोलायची सोय नाही."

आत्याचे कान ठाकुर्लीच्या वीजघराच्या भोंग्याला सरावलेले. तरी तिने ते ऐकलं.

"शऱ्या! मालखान्यात? चोरांच्या पहारी आणि दरोडेखोरांचे कोयते यांच्यात नेऊन टाकणार माझा देव?" मग माझ्याकडे वळून, आवाज एकदम खाली आणून, "हे बघा मिस्त्री. मी बारा वर्षांची नव्हते तेव्हा माझं कपाळ पांढरं झालं. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. सणाच्या दिवशी मी माजघरात, पुढे यायचं नाही. कुणाची ओटी नाही, कुणाला हळदकुंकू नाही. पहिला दसरा आला तेव्हा आजोबांनी हाक मारली, बगे, इकडे ये. सगळ्यांच्या देखत शेंदराची वाटी माझ्या हातात दिली. म्हणाले, हत्याराला सवाष्ण-विधवा कळत नाही. याला शेंदूर तू लावायचा. तेव्हापासून आमच्या घरात दसऱ्याला पाटावर मी बसते. बाकीचे मागे उभे राहतात. आलं ध्यानात?"

आलं. तो रिव्हॉल्व्हर मालखान्यात गेला असता तर सरकारच्या दृष्टीने एक गंजका लोखंडी तुकडा कपाटात पडला असता. बगूआत्या मात्र परत माजघरात गेली असती.

म्हणून मी तिला बसायला स्टूल दिलं, ताम्हन मेजावर घेतलं आणि शेंदूर खरवडायला कानस उचलली. त्यानंतर जे झालं ते वर सुरुवातीलाच सांगितलं आहे.

आता काय करायचं? कानस नको, पटाशी नको. रॉकेलचं नाव काढल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी रॉकेलची बाटली स्वतःच्या पाठीमागे लपवली. मी डोकं खाजवत बसलो. गावोगावच्या मारुतीच्या अंगावरचं शेंदराचं कवच जड झालं की एखाद्या दिवशी आपसूक गळून पडतं, हे मला ठाऊक होतं. लोक त्याला चांगलं मानतात, वाजतगाजत नदीत सोडतात. पण आपसूक गळायला मारुतीला शंभर वर्षं लागतात आणि मोकाश्यांनी दिली होती दसऱ्यापर्यंतची मुदत.

"आत्या," मी म्हटलं, "तुमच्या देवाला अभ्यंग कधी घातलंत?"

"अभ्यंग?"

"तेलाने मालिश. इतक्या वर्षांत एकदाही नाही? नुसता शेंदरावर शेंदूर? देवाचं अंग आंबलं असेल हो."

अशी थाप मी पुन्हा कधी मारली नाही, कारण पुढे इतकी चांगली सुचलीच नाही. आत्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "शऱ्या, ऐकलंस? अंग आंबलंय. उद्यापासून तीळतेल."

दुसऱ्या दिवसापासून बगूआत्या रोज सकाळी माझ्या दुकानात. सोबत तीळतेलाची बाटली. तेल कोमट करायचं, बोटांनी गोळ्यावर चोळायचं, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचं, पुन्हा चोळायचं. गरम तेलाला मी साफ मनाई केली होती. आमच्या धंद्यात पहिला नियम असा की उघडून बघेपर्यंत प्रत्येक हत्यार भरलेलंच असतं. मालक शपथेवर नाही म्हणाला तर हमखास भरलेलं असतं. म्हणून 'मुख' सतत वाळूच्या पोत्यांकडे. यावरूनही भांडण. आत्या म्हणे देवाचं तोंड पूर्वेला हवं. माझ्या दुकानाच्या पूर्वेला होती कचेरी, आणि खिडकीत नेमके मोकाशी बसलेले. मी म्हटलं, "आत्या, पूर्वेला केलं आणि काही झालं तर परवाना द्यायला माणूस उरायचा नाही." तेव्हा कुठे तिने पश्चिम मान्य केली.

दुकानाची कळा पार बदलली. उदबत्तीचा वास बंदुकीच्या तेलाच्या वासात मिसळला. गिऱ्हाइकं चपला बाहेर काढून आत येऊ लागली. आंबिवलीचे ते वाघवाले जमीनदार आले, त्यांनी टोपी काढून नमस्कार केला, अंगारा मागितला. अंगारा नव्हता. आत्याने त्यांच्या कपाळाला तेलाचं बोट लावलं आणि वर सुनावलं, "बंदुकीत माश्या पाळता म्हणे तुम्ही!" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोत्यातली वाळू सारखी करू लागलो.

आणि एका सकाळी कवच हललं.

आत्या चोळत होती, शरद कामावर जायच्या आधी बाटली द्यायला आला होता. गोळ्यावर लांबीला एक बारीक चीर गेली, नारळाला जाते तशी. आत्या दचकून म्हणाली, "गळतंय! मिस्त्री, आपसूक गळतंय!" मी पुढे झालो. चिरेतून आत काळं काहीतरी चमकलं. एक ढलपी सुटली. तिच्याखाली काय आहे ते मी वाकून पाहिलं.

घोडा चढवलेला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिव्हॉल्व्हरच्या पाठीमागे जो वाकडा कोंबडा असतो तो घोडा. तो अंगठ्याने मागे ओढला की चढला. मग खाली चाप, म्हणजे बोटाने ओढायचा खटका, जरासा दाबला की घोडा सुटतो आणि काडतुसावर आपटतो. आजोबांनी, देव जाणे कशासाठी, घोडा चढवून ठेवला होता आणि मग त्यावर शेंदूर फासला होता. इतकी वर्षं तो चाप शेंदराने धरून ठेवला होता. आणि आता आम्ही रोज सकाळी कोमट तेल घालून तोच शेंदूर मोकळा करत होतो. आत्याचा अंगठा तेव्हा चापावर होता. मालिश करत होता.

"आत्या," मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "हात तिथेच राहू द्या. हलू नका."

"का? काय झालं?"

"काही नाही. देव जागा आहे."

मी हळूच डावा हात पुढे नेला. अशा वेळी एकच उपाय असतो. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये स्वतःचं मांस घालायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली कातडी मी घोड्याखाली सरकवली, आणि सरकवली न सरकवली तोच कटकन आवाज झाला. शेंदूर सुटला, चाप सुटला, घोडा सुटला आणि माझ्या हातात रुतला.

मी जी बोंब मारली ती ऐकून कळव्याला गेलेल्या बगळ्यांतले अर्धे पुढे मुंब्र्याला गेले.

"शी!" बगूआत्या म्हणाली, "पुरुषासारखा पुरुष, आणि किती ते ओरडणं! देव जरा चावला तर."

शरदने तोवर सगळं ओळखलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता. मी हात सोडवला, चिंधी बांधली, घोडा जागेवर बसवला, चक्रीची मधली खीळ ओढून चक्री बाहेर काढली आणि मेजावर उपडी ठोकली. टप, टप, टप. हिरवीगार पडलेली काडतुसं एकामागून एक बाहेर. चक्री पूर्ण भरलेली.

शरद खाली बसला. स्टूल दुसरीकडे होतं, तरी बसला.

"आत्या," तो म्हणाला, "आम्ही दर दसऱ्याला मुखाला डोकं टेकवतो."

"टेकवायचंच. देव आहे तो."

"सगळे टेकवतात. मुलं टेकवतात. गेल्या वर्षी साहेबांना बोलावलं होतं, त्यांनीपण टेकवलं."

"मग झालं का कुणाला काही?"

मी नळी साफ करायला घेतली तर आतून गूळ निघाला. दर दसऱ्याला मुखाला गूळतुपाचा नैवेद्य लागत होता, तो नळीत साठून दगड झाला होता. त्यातून गोळी सुटली असती तर नळीच फाटली असती. मी आयुष्यात नळीतून गंज काढला, माती काढली, एकदा पाल काढली. पण नैवेद्य काढला तो तेवढाच.

आता खरी गंमत. एवढ्या वर्षांचं हत्यार, मी धरून चाललो होतो की आत गंजाचा भुगा असणार. पण कवचातून जो रिव्हॉल्व्हर बाहेर आला तो कालच पेटीतून काढल्यासारखा. काळाभोर, तुकतुकीत. ठसे असे स्पष्ट की चाळिशीशिवाय वाचावेत. मी चक्रावलो. तेव्हा खाली बसलेला शरद पहिल्यांदाच हसला. "मिस्त्री, आम्ही रेल्वेच्या पुलांना हेच तर लावतो. शेंदूर आणि तेल. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात पूल टिकतात ते त्याच्यावर." मी, जो जिल्ह्याला हत्यार कसं राखावं हे शिकवत फिरायचो, त्याने इतकं राखलेलं हत्यार तोवर पाहिलं नव्हतं. बगूआत्याने ते नुसतं पुजलं नव्हतं, जपलं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग? शेंदूर काय फुकट लावत होते?"

गळलेलं कवच तिने ताम्हनात घेतलं. त्याच्या तुटक्या कडेला थर दिसत होते, झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तसे. आत्या बोट ठेवून ठेवून सांगू लागली. "हा काळपट बघा, लढाईच्या दिवसांत चांगला शेंदूर मिळेना, गेरू मिसळला होता. हा जाडा, शऱ्या जन्मला त्या वर्षीचा, आनंदात जास्त लागला. हे सगळ्यात आतले दोन-चार आजोबांचे. हा इथून माझा." कचेरीच्या भाषेत याला पुरावा म्हणतात की नाही मला माहीत नाही. पण मी मनात थर मोजत होतो. थर पन्नासाच्या पुढे गेले, पण साठाला पोचेनात. सत्तावन साल होऊन तर शंभराच्या आसपास वर्षं झाली होती.

मग मी हत्याराकडे पाहिलं. सत्तावन सालचे रिव्हॉल्व्हर वेगळे. त्यांच्या चक्रीत पुढून दारू आणि गोळी ठासायची आणि मागे एकेका बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. यात तसं काही नव्हतं. उजव्या अंगाला छोटं दार होतं, त्यातून तयार पितळी काडतूस सरकवायचं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नळीजवळ अंड्याच्या आकाराचा ठसा होता, त्यात तीन अक्षरं. हा बेल्जमच्या लीज गावचा. तिथे प्रत्येक नळीची परीक्षा घेऊन ठसा मारत. आणि अंड्याच्या डोक्यावर मुकुट. हा मुकुट त्यांनी अठराशे त्र्याण्णव सालापासून घालायला सुरुवात केली. वस्तादांनी हे मला कान पिळून पाठ करून घेतलं होतं. बिनमुकुटाचा तो आधीचा, मुकुटाचा तो नंतरचा. यात मागेपुढे नाही.

म्हणजे आत्याचे आजोबा सत्तावन साली जो रिव्हॉल्व्हर हिसकावत होते, तो घडायला अजून छत्तीस-सदतीस वर्षं तरी बाकी होती.

माणसांबद्दल मी वाटेल ते बोललो आहे. वाघांबद्दल, बगळ्यांबद्दल बोललो आहे, आणि पुढेही बोलणार आहे. हत्याराबद्दल मात्र मी कधी खोटं सांगितलं नाही. ते करायचं तर धंदा कशाला, पुढारीपण काय वाईट? तरी त्या दिवशी माझं मन डळमळलं. मोकाश्यांच्या कागदावर एक रकाना होता, 'घडणीचे अंदाजे साल'. तिथे अठराशे पंचावन्न लिहिलं असतं तर कचेरीत कुणाच्या बापाला कळणार होतं? पण उद्या दुसरा कुणी मुकुट ओळखणारा भेटला असता, वर्णन खोटं म्हणून परवाना गेला असता, आणि पाठोपाठ आत्याचा पाट. आणि खरं लिहिलं तर त्याखाली आत्याला सही करायची होती, की वर्णन वाचलं, मान्य आहे. परवाना तिच्याच नावावर होणार होता, तिने शरदला तसं बजावलं होतं. म्हणजे ज्या आजोबांनी तिला माजघरातून पुढे आणलं, त्यांची गोष्ट खोटी असं तिने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. आणि बगूआत्या रागाने उठून गेली तर मोकाशी ताम्हनासकट सगळं मालखान्यात न्यायला तयार.

मोकाशी स्वतः तपासणीला दुकानात आले. रिव्हॉल्व्हर उलटसुलट पाहिला. आत्याकडे पाहिलं.

"शेंदूर पुन्हा लावणार?"

"म्हणजे काय! लावणारच."

"नंबर दिसला पाहिजे."

आत्या उसळणार इतक्यात मी मध्ये पडलो. "आत्या, मारुतीला शेंदूर लावताना डोळे झाकतो का आपण? डोळे मोकळे ठेवतोच ना? तसे याचे डोळे म्हणजे हा नंबर आणि हे अंडं. एवढे सोडून बाकी लावा."

तिने विचार केला. "आणि मुख?"

"मुख रिकामं असू दे. नैवेद्य समोर वाटीत."

"बरं." मग मोकाश्यांना, "तुम्हाला काय वाटतं हो?"

मोकाश्यांनी परवान्यावर शर्त लिहिली: 'नंबरावर शेंदूर लावू नये.' अख्ख्या हिंदुस्थानात असा परवाना दुसरा नसेल. मग टाक माझ्याकडे वळवून म्हणाले, "मेक?"

"बेल्जम. बुलडॉग नमुना."

"बोअर?"

"चारशे पन्नास."

नंबर त्यांनी स्वतः वाचून लिहिला. "साल?"

मी आत्याकडे पाहिलं. ती स्टुलावर ताठ बसली होती, ताम्हन मांडीवर. शरद खिडकीबाहेर बघत होता. मी घसा साफ केला, हाताची चिंधी सारखी केली, पुन्हा घसा साफ केला.

"आत्या, एक सांगायचंय. या ठशावर मुकुट आहे बघा. तो... म्हणजे बेल्जमच्या लोकांनी... तुम्ही ते थर मोजलेत ना..."

"मिस्त्री," मोकाशी म्हणाले, "साल."

"त्र्याण्णव. अठराशे त्र्याण्णव किंवा त्यानंतरचं. त्याआधीचं नाही."

बंडाची गोष्ट आत्याने मोकाश्यांना आल्या आल्याच ऐकवली होती. मोकाश्यांनी मनात हिशेब केला आणि आयुष्यात पहिल्यांदा जरुरीपेक्षा जास्त शब्द वापरले. "म्हणजे आजोबा तेव्हा बंडात नव्हते. साठीत होते."

शरदने डोळे मिटले. मी कानस हळूच मेजावरून उचलून खणात ठेवली. आत्याच्या हाताला ती लागायला नको होती.

बगूआत्याने कागद जवळ ओढला. वरपासून खालपर्यंत वाचला. साल लिहिलं होतं तिथे जरा थांबली. मग टाक घेतला, आणि माझ्या दुकानातल्या मेजावर, बाराव्या वर्षापासून शेंदूर लावणाऱ्या त्या हाताने, एकेक अक्षर गिरवल्यासारखी सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. रिव्हॉल्व्हर रेशमी वस्त्रात गुंडाळून ताम्हनात ठेवला. गळलेलं कवच कल्याणच्या खाडीत सोडायला वेगळं बांधून घेतलं. शरदला म्हणाली, "चल. शेंदूर आणायचाय."

दसरा त्यांचा थाटात झाला. मलाही आमंत्रण होतं. आत्या पाटावर, सगळं घराणं मागे उभं. शेंदराचा पहिला पातळ हात, त्यातून नंबर आणि अंडं लखलखीत. काडतुसं तेवढी माझ्याकडे राहिली होती, ती मी रीतसर कचेरीत जमा केली होती. तरी नमस्काराला वाकताना प्रत्येक जण मुखाच्या जरासा डावीकडून डोकं टेकवत होता. आत्याने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी मात्र, ती दुकानाच्या पायऱ्या उतरत असताना, मला काही राहवलं नाही. डंख काढावा की मलम लावावं ते कळत नव्हतं, तरी मागून म्हणालोच, "आत्या, मग त्या आजोबांच्या गोष्टीचं काय हो करायचं आता?"

ती मागे वळली नाही. खालच्या पायरीवर पाय ठेवत म्हणाली, "काय करायचंय? गोरा दुसरा असेल."